ब्रेक दाबला की उजवा टेल लॅम्प उजळायच्या ऐवजी मंद होतो – मदत हवी

गोदाकाठ (सोमवार, रात्री 10:40)

नमस्कार मंडळी. तीन आठवडे झाले, गाडीच्या मागच्या दिव्यांनी डोकं खाल्लंय. जरा सविस्तर लिहितो, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारावं लागणार नाही.

गाडी 2012 ची पेट्रोल हॅचबॅक. बाबा चालवतात. दर शुक्रवारी नाशिक-शहापूर आणि रविवारी रात्री परत, म्हणजे कसारा घाट आठवड्यातून दोनदा. गेल्या महिन्यात घाटात धुक्यात एक ट्रक अगदी मागच्या बंपरला टेकायच्या बेतात आला. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "काका, तुम्ही ब्रेक मारला ते मला दिसलंच नाही, उलट तुमचा लाइट बारीक झाला." बाबांना वाटलं तो आपली चूक झाकतोय. घरी आल्यावर मी मागे उभा राहिलो आणि त्यांना ब्रेक दाबायला लावला. ट्रकवाला खरं बोलत होता.

नीट पाहिलं तेव्हा हे दिसलं. नुसते पार्किंग लाइट लावले तर दोन्ही बाजू छान लागतात. त्यावर ब्रेक दाबला की डावी बाजू लख्ख उजळते, उजवी मात्र मंद होते. पार्किंग बंद ठेवून नुसता ब्रेक दाबला तर उजवा ब्रेक लाइट अगदी निखाऱ्यासारखा लागतो. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे त्याच वेळी उजवे दोन्ही इंडिकेटर, मागचा आणि पुढचा, हलके पेटतात. डॅशबोर्डवरचा उजवा बाणसुद्धा. इंडिकेटरच्या दांडीला हात लावलेला नसताना!

उजवा बल्ब दोनदा बदलला. एका सर्व्हिस सेंटरला दाखवली, त्यांनी पाच मिनिटांत "पूर्ण टेल लॅम्प बदलावा लागेल, वायरिंगही बघावं लागेल" सांगून साडेसहा हजारांचा आकडा दिला. पैसे द्यायला ना नाही, पण नेमकं काय बिघडलंय हे कोणीच सांगत नाही. त्यात गाडीची 15 वर्षं भरत आली, म्हणजे पेठ रोडला आरटीओत फिटनेसला न्यावीच लागणार. कोणाला असा अनुभव आहे का?

मेरीकर (सोमवार, रात्री 11:05)

बल्ब चुकीचा बसलाय का ते आधी बघा. ब्रेक आणि टेल मिळून एकच बल्ब असतो, आत दोन फिलामेंट, 21 वॅट आणि 5 वॅट. त्याच्या बाजूच्या दोन पिना एका उंचीवर नसतात, एक वर एक खाली, म्हणजे तो एकाच बाजूने बसावा. तरी घाईत दाबून उलटा बसवणारे मी पाहिलेत. काही जण तर त्या जागी सिंगल कॉन्टॅक्टचा, म्हणजे बुडाला एकच टोक असलेला, बल्ब ठोकून देतात. मग ब्रेकची लाइन आणि पार्किंगची लाइन होल्डरमध्येच एक होते.

गोदाकाठ (सोमवार, रात्री 11:20)

धन्यवाद दादा. तो तपासला. डबल कॉन्टॅक्टचाच आहे, 21/5 लिहिलेलं आहे आणि खटकन बसतोय. डाव्या बाजूचा चांगला बल्ब उजवीकडे लावूनही पाहिला. फरक शून्य.

घाटवाट (मंगळवार, सकाळी 7:50)

माझ्या जुन्या गाडीला ब्रेक लाइटचा असाच त्रास होता. फ्यूज 10 चा काढून 20 चा टाकला, तेव्हापासून कटकट नाही. करून बघा.

सातपूरचा वायरमन (मंगळवार, सकाळी 9:15)

घाटवाट भाऊ, कृपा करून हा सल्ला कोणाला देऊ नका, आणि स्वतःच्या गाडीतला तो पिवळा फ्यूज आजच काढून लाल बसवा. 10 अँपियरचा फ्यूज त्या लाइनच्या वायरच्या जाडीवरून ठरवलेला असतो. शॉर्ट झाला तर आधी फ्यूज उडावा म्हणून. 20 चा टाकला तर वायर आधी तापते आणि ती वायर सीटखालून, कार्पेटखालून गेलेली असते. बावीस वर्षं हेच काम करतोय, जळालेल्या गाड्यांची वायरिंग मी माझ्या हाताने बाहेर काढली आहे. फ्यूज उडतोय म्हणजे कुठेतरी वायर सोलली जाऊन बॉडीला लागतेय. ती जागा शोधायची असते.

आता गोदाकाठ, तुमच्याबद्दल. तुमच्या गाडीचा फ्यूज, बल्ब, ब्रेकचा स्विच, सगळं ठणठणीत आहे. टेल लॅम्पही बदलू नका. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर पेटतो हे वाचलं तेव्हाच कळलं. उजव्या टेल लॅम्पचं अर्थिंग, म्हणजे करंटची बॅटरीकडे परतीची वाट, गेलंय. ब्रेकचा स्विच किंवा फ्यूज गेला असता तर डावी बाजूसुद्धा लागली नसती.

एक खात्री करून सांगा. पार्किंग लाइट लावा, ब्रेक दाबून ठेवा आणि उजवा इंडिकेटर द्या. मागे उभं राहून काय दिसतं ते लिहा. रिव्हर्सचा दिवा कोणत्या बाजूला आहे तेही सांगा.

गोदाकाठ (मंगळवार, रात्री 9:30)

काका, केलं. अंगावर काटा आला. तिन्ही एकदम चालू केलं की इंडिकेटर पेटायच्या वेळेला उजवी बाजू पूर्ण काळी पडते, आणि विझायच्या वेळेला ब्रेकचा तो मंद निखारा परत येतो. म्हणजे घाटात वळणावर ब्रेक मारून बाबांनी उजवा साइड दिला की मागच्याला उजवीकडे गाडीच दिसत नसणार.

रिव्हर्सचा दिवा फक्त डावीकडे आहे. आणि अजून एक: पार्किंग आणि ब्रेक दोन्ही बंद ठेवून नुसता उजवा इंडिकेटर दिला तर डावा ब्रेक लाइट त्याच्या तालावर मंद उघडझाप करतो. हे कसं काय? वायरिंगमध्ये उजवं-डावं आत कुठे चिकटलंय का?

सातपूरचा वायरमन (मंगळवार, रात्री 10:10)

चिकटलेलं काहीच नाही. गाडीत प्रत्येक दिव्याला पॉझिटिव्ह वायर स्वतंत्र येते, पण निगेटिव्हसाठी बहुतेक ठिकाणी एकच काळी वायर असते. तुमच्या उजव्या लॅम्पमधला टेल, ब्रेक, इंडिकेटर, तिघांचं मिळून एकच अर्थिंग. ती वायर डिकीत कुठेतरी पत्र्याला बोल्टने कसलेली असते आणि पत्रा बॅटरीच्या निगेटिव्हला. तो बोल्ट गंजला की तिघांचीही परतीची वाट एकदम बंद. करंट मग जी वाट सापडेल तिने बॅटरीकडे जातो.

सविस्तर उद्या लिहितो, एक ट्रक उभा आहे दारात.

द्राक्षबाग निफाड (मंगळवार, रात्री 11:00)

वायरमन काकांनी सांगितलं ते शेतकऱ्याच्या भाषेत सांगू का? मला माझ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला हेच झालं होतं तेव्हा असंच समजलं.

पाटाचं पाणी तीन वाफ्यांत तीन दारांनी सोडलंय. पाणी वाहून जायला खाली चारी मात्र एकच. आता ती चारी गाळाने बुजली. पहिल्या वाफ्यात पाणी सोडलं तर ते थांबणार का? ते तुंबेल, शेजारच्या वाफ्यात उलटं चढेल, त्याच्या दाराने वर त्याच्या पोटपाटात जाईल आणि तिथून दुसऱ्याच शेताच्या चारीला लागेल. ब्रेकचं पाणी इंडिकेटरच्या वाफ्यातून उलटं वर चढतं आणि पुढच्या उजव्या इंडिकेटरच्या चारीतून बाहेर पडतं. म्हणून न लावलेला इंडिकेटर पेटतो. वाटेत तीन बल्ब एकामागे एक आले, जोर तिघांत वाटला गेला, म्हणून तिघेही मंद.

इंडिकेटर दिला की उलट गोष्ट. त्याचं पाणी ब्रेकच्या वाफ्यातून चढून डाव्या ब्रेकच्या चारीला लागतं. आणि तिन्ही दारांनी एकदम पाणी सोडलं तर तिन्ही वाफे सारखेच भरलेले, कोणी कोणाकडे वाहणार? म्हणून सगळं बंद.

सातपूरचा वायरमन (बुधवार, सकाळी 8:30)

निफाडकर, मुलं शिकायला येतात माझ्याकडे, त्यांना आता असंच सांगणार. अगदी बरोबर.

आता गोदाकाठ, व्होल्ट मोजायचा मीटर आहे का घरी? साधा दोनशे-तीनशेचा चालेल. माझं ऐकून बोल्ट उघडू नका, आधी मोजा, म्हणजे स्वतःची खात्री पटेल. मीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा. काळी प्रोब डिकीच्या कडीच्या स्वच्छ धातूवर, रंगावर नाही. लाल प्रोब उजव्या लॅम्पच्या होल्डरच्या अर्थिंग पॉइंटवर, म्हणजे काळी वायर जिथे येते तिथे. लॅम्पचा कनेक्टर लावलेलाच ठेवा आणि कोणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा. चांगल्या अर्थिंगवर तिथे जवळजवळ शून्य दिसलं पाहिजे. 0.1 पर्यंत ठीक, 0.2 च्या वर गेलं की वाटेत अडथळा आहे समजा. तुमच्याकडे सात-आठ व्होल्ट दिसतील असा माझा अंदाज.

कनेक्टर काढून मोजण्याची चूक सगळे करतात. मीटर स्वतः करंट जवळजवळ ओढतच नाही. दहा तारांपैकी एक तार शिल्लक असली तरी मीटर ऐटीत बारा व्होल्ट दाखवतो. 21 वॅटच्या बल्बला पावणेदोन अँपियर लागतात, त्या एका गंजलेल्या तारेतून ते नीट जात नाहीत. लोड टाकल्याशिवाय अर्थिंगची परीक्षा होत नाही. म्हणून आम्ही जुने वायरमन मीटरपेक्षा टेस्ट लॅम्पवर विश्वास ठेवतो. होल्डरला दोन वायरी जोडून 21 चा बल्ब लावायचा की झाला.

कॉलेजरोड (बुधवार, दुपारी 1:15)

मध्येच विचारते, माफ करा. माझ्या हॅचबॅकचा नंबर प्लेटचा दिवा आणि वरचा तिसरा ब्रेक लाइट कधी लागतात, कधी नाही. डिकी जोरात आपटली की दोन दिवस चालतात. हेसुद्धा अर्थिंगच का?

सातपूरचा वायरमन (बुधवार, दुपारी 2:00)

ताई, तुमचं बहुधा वेगळं आहे. डिकीचं दार आणि छत यांच्यामध्ये, बिजागरीजवळ, एक घडीघडीची रबरी नळी दिसेल. तिच्यातून दाराच्या सगळ्या वायरी जातात. दार वर-खाली होताना त्या वाकतात आणि दहा-बारा वर्षांनी आतल्या आत तुटतात. वरचं आवरण बरेचदा शाबूत दिसतं, तार आत तुटलेली असते. नळीचं टोक हलकेच ओढून बाहेर काढा आणि एकेक वायर बोटात धरून थोडी ताणा. तुटलेली असेल ती रबरासारखी लांबते. तिथे नुसतं पिळून टेप मारू देऊ नका, पुन्हा तुटेल. मऊ वायरचा तुकडा घालून जोड नळीच्या बाहेर, न वाकणाऱ्या जागी घ्यायला सांगा.

मेरीकर (बुधवार, रात्री 8:45)

विषय निघालाच आहे तर हेडलाइटचंही हेच असतं. "पिवळा पडला" म्हणून लोक 60/55 चा काढून 100/90 चा बल्ब लावतात. मीही लावला होता. होल्डर वितळला. 60 वॅटला पाच अँपियर, 100 ला आठच्या वर, आणि वायर तीच. नंतर मोजलं तेव्हा कळलं की बॅटरीवर इंजिन चालू असताना 14 व्होल्ट आणि बल्बपाशी पोचत होते साडेबारा. व्होल्टेज दहा टक्के कमी झालं तर हॅलोजनचा उजेड सुमारे तीस टक्के कमी होतो. रिले (छोट्या करंटवर चालणारा, मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवून बॅटरीपासून थेट जाड वायर आणली आणि अर्थिंग नवीन केलं. साधा 60/55 चाच बल्ब आहे आणि इगतपुरीच्या पावसातही रस्ता दिसतो.

समोरच्याच्या डोळ्यांत जाणारे ते पांढरे एलईडी हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये लावू नका, ही माझी हात जोडून विनंती. रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीचा चिप त्या जागी नेमका बसत नाही, उजेड सगळीकडे फुटतो. मुंबई-आग्रा रोडवर रात्री समोरून अशी एक गाडी आली की तीन-चार सेकंद रस्ताच नाहीसा होतो.

गोदाकाठ (गुरुवार, रात्री 10:20)

काका, मोजलं! आईने ब्रेक दाबून धरला, मी डिकीत आडवा. उजव्या लॅम्पच्या काळ्या वायरवर 7.9 व्होल्ट. तुम्ही इथे, गाडी न बघता सांगितलेला आकडा. डाव्या लॅम्पवर तेच मोजलं तर 0.04.

बोल्ट मात्र सापडत नाहीये. काळी वायर बाजूच्या प्लास्टिकच्या आत शिरते आणि दिसेनाशी होते.

सातपूरचा वायरमन (शुक्रवार, सकाळी 7:40)

बाजूचं प्लास्टिकचं अस्तर काढावं लागेल. खालच्या क्लिपा थंडीत तुटतात, दुपारी उन्हात गाडी उभी केल्यावर काढा. बोल्ट बहुधा मागच्या चाकाच्या कमानीजवळ, खाली असेल. तिथेच पाणी साठतं. आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडा. बोल्ट गंजला असेल तर झटका देऊ नका, तेल सोडून अर्धा तास थांबा. तिथे बोल्ट तुटला तर काम वाढतं.

थिंबल (वायरच्या टोकाची, बोल्टखाली बसणारी धातूची कडी) आणि पत्रा दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. दातेरी वॉशर टाकून कसा. कसून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा. आणि पाणी आलं कुठून ते शोधा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात हाच धागा परत वर येईल.

घाटवाट (शुक्रवार, सकाळी 8:10)

काका, फ्यूज काढला. आणि तुमचं खरं निघालं. 10 चा टाकला की ब्रेक दाबताच उडतोय. काल संध्याकाळी डिकीतला जॅक सरकवून पाहिला, त्याच्या खाली वायरिंगचा गठ्ठा दबून एक वायर सोलली होती. तांबं काळं पडलेलं, आजूबाजूचं कार्पेट कडक झालेलं. दोन वर्षं मुलांना याच गाडीतून शाळेत सोडतोय. वर चुकीचा सल्ला दिला त्याबद्दल सगळ्यांची माफी मागतो. कोणी वाचून करू नये म्हणून ती पोस्ट तशीच ठेवतोय, खाली काकांचं उत्तर आहेच.

सातपूरचा वायरमन (शुक्रवार, सकाळी 8:25)

माफी कसली भाऊ. वेळेत पाहिलंत हे मोठं. ती वायर नीट जोडून तिच्यावर स्लीव्ह चढवून घ्या आणि जॅकला त्याच्या जागी पट्ट्याने बांधा.

द्राक्षबाग निफाड (शुक्रवार, दुपारी 12:30)

पाण्याबद्दल माझा अनुभव. डिसेंबरात आमच्याकडे सकाळी पारा इतका खाली येतो की टेल लॅम्पच्या काचेच्या आत दव धरतं. उन्हं वर आली की ते आटत असेल तर काळजी नाही, लॅम्पला श्वास घ्यायला बारीक भोकं असतात. पण तळाशी पाणी हलताना दिसलं तर मागचं गॅसकेट गेलंय. प्रेशर पंपाने गाडी धुताना लॅम्पच्या कडेवर जवळून फवारा मारू नका.

गोदाकाठ (रविवार, दुपारी 3:50)

झालं मंडळी, झालं!

अस्तर काढलं तेव्हा बोल्ट दिसेना, फक्त तपकिरी ढेकूळ. दहा नंबरचा पाना बसत नव्हता, आधी वायर ब्रशने घासावं लागलं. बोल्ट सुटला आणि थिंबल हातात आलं, वायर वेगळी. तांब्याचा हिरवा चुरा बोटांना लागला. जेमतेम दोन-तीन तारा लागून होत्या, बाकी सगळ्या खाऊन गेलेल्या. आतली चांगली तार लागेपर्यंत वायर मागे कापली, नवीन थिंबल दाबून बसवलं, पत्रा चांदीसारखा दिसेपर्यंत घासला. थिंबल, वॉशर, पॉलिश पेपर आणि जेली मिळून एकशे दहा रुपये, सगळं द्वारकेजवळच्या एकाच दुकानात मिळालं.

पाणी लॅम्पच्या गॅसकेटमधूनच येत होतं. फोम चपटा होऊन एका कोपऱ्यात फाटला होता. आत बादलीभर पाणी ओतून पाहिलं, नाही, म्हणजे बाहेरून ओतलं आणि आईने आत टॉर्च धरला. बरोबर त्या कोपऱ्यातून थेंब उतरत बोल्टवर पडत होते. नवीन गॅसकेट मागवलंय, तोवर सिलंट लावलाय.

आता उजव्या लॅम्पच्या काळ्या वायरवर ब्रेक दाबून 0.03. डाव्यापेक्षा बरं! म्हणून डावा बोल्टही उघडला. त्यालाही गंज धरायला सुरुवात झालीच होती, तोही घासून घेतला.

वायरमन काका, तुम्ही एक पैसा न घेता चार दिवस वेळ दिलात. सातपूरला येऊन भेटायचंय, पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा. निफाडकर दादा, पाटाचं उदाहरण बाबांना सांगितलं, त्यांना एका फटक्यात कळलं. ते मूळचे चांदोरीचे.

कॉलेजरोड (रविवार, संध्याकाळी 6:05)

अभिनंदन! माझंही सुटलं. रबरी नळीत तीन वायरी तुटलेल्या निघाल्या, त्यातली एक मागच्या वायपरची. तो वर्षभर बंद होता आणि मी मोटर गेली असं धरून चालले होते.

एकट्याने ब्रेक लाइट बघायचे असतील तर रात्री गाडी एखाद्या बंद शटरकडे पाठ करून लावा आणि आरशात बघा. दोन्ही बाजूंचा लाल उजेड शटरवर सारखा दिसायला हवा. मी आता दर आठवड्याला दुकानासमोर हेच करते.

सातपूरचा वायरमन (रविवार, रात्री 9:00)

गोदाकाठ, पत्ता पाठवलाय. येताना गाडी घेऊन या, तुम्ही दाबलेलं थिंबल मला बघायचंय. हाताने दाबलंय की पक्कडीने?

गोदाकाठ (सोमवार, रात्री 12:35)

थिंबलच्या पक्कडीने, काका. शेजारच्यांकडून आणली होती.

आत्ताच घरी पोचलो. बाबा शहापूरहून रात्री साडेनऊला निघाले, मी मुद्दाम मित्राच्या गाडीतून त्यांच्या मागे राहिलो. कसाऱ्याला धुकं होतंच. पूर्ण घाट त्यांच्या मागून आलो. प्रत्येक वळणावर ब्रेक लागला की दोन्ही बाजू एकदम लाल व्हायच्या, आणि उजवा साइड दिला की इंडिकेटर वेगळा, पिवळा, स्वच्छ दिसायचा. घाट संपल्यावर इगतपुरीला चहाला थांबलो तेव्हा बाबांनी विचारलं, "दिसतंय का रे नीट?"